नऊ नंबरचा शेवटचा पीळ

मोबाइल आधी खिशात घाला. ऐकायचं असेल तर नीट ऐका, नाहीतर उठून जा, कुणी दावणीला बांधलेलं नाही. आणि मधे मधे प्रश्न विचारायचे नाहीत. जेवढं घडलं तेवढंच सांगणार. वरून तिखटमीठ लावून सांगणारे पुष्कळ आहेत, ते हवं असेल तर त्यांच्या दारात जाऊन बसा.

ज्याच्या बाबतीत घडलं तो माणूस चांगला ओळखीचा. काम तसं साधंच होतं. मागाची एक पट्टी सैल करायची, तिच्यातला बोल्ट दोन रेषा वर घ्यायचा आणि पट्टी पुन्हा आवळायची. तासाभराचं काम. गेल्या वर्षीच्या जानेवारीतली एकोणीस तारीख, रविवार. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी तो घरातून निघाला.

बायको भांडी आवरत होती. म्हणाली, "आत्ता कुठं?"

"नऊ नंबर जुळवून येतो. उद्यापासून जाड कापड लावायचंय."

"भाचीला कळवलंत का?"

तो चपलेचा पट्टा लावत बसला. पट्टा आधीच लागलेला होता.

"म्हणजे नाही कळवलं," बायको म्हणाली आणि नळ सोडला.

हा माणूस मागाच्या शेडमध्ये जॉबर होता. जॉबर म्हणजे माग बिघडला की जुळवणारा. त्याला नाव होतं, पण सगळे झटपट म्हणायचे. खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा चिडल्याशिवाय आठवत नसे. इतर जॉबर जिथं अर्धा दिवस लावत तिथं हा चहा निवायच्या आत उठायचा. मालक खूश. हाही खूश. घाईचं कौतुक झालं की माणूस बिघडतो, हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं. एक होती, ती त्याची थोरली बहीण.

शेडमध्ये चोवीस माग, बारा-बाराच्या दोन रांगा. माग चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. सगळं बोलणं हातानं. अंगठा वर केला की काम झालं. पंजा उघडून पुढं केला की पाना दे. आणि तिथं माणसाला मागाचा नंबर चिकटतो. अकरा नंबर शिंकला, चार नंबर रजेवर, असंच बोलतात. त्याची बहीण अठरा वर्षं नऊ नंबर होती. यानं मात्र तिला कधी नऊ म्हटलं नाही. ताईच म्हणायचा.

आता ही पट्टी काय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. मागात ताण्याचे धागे उभे असतात. दोन चौकटी ते आळीपाळीनं वर-खाली उचलतात, आणि मधे जी फट पडते तिच्यातून धोटा धावतो. आडवा धागा घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे, मिनिटाला दीडशे वेळा. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी सुळे. चौकटींना उचलते ती ही पट्टी. शेडमध्ये तिला लिंक म्हणतात. लोखंडाची, वीतभर, मधे लांब खाच, खाचेच्या कडेला मापाच्या रेषा, आणि त्या खाचेत सरकणारा बोल्ट. बोल्ट वर घेतला की चौकटी जास्त उचलतात, खाली घेतला की कमी. पातळ कापडाला कमी, जाडाला जास्त. बोल्टवर एक नट आणि त्या नटावर दुसरा, म्हणजे थरथरीनं पहिला सुटू नये. दुसरा नट ढिला राहिला तर बोल्ट खाचेत हळूहळू घसरतो. फट वेळेवर उघडत नाही. धोटा धाग्यांवर आपटतो आणि सुटतो. कुठं? समोर जो उभा असेल त्याच्या तोंडावर.

म्हणून त्या शेडमध्ये एक रीत होती. कुठं लिहिलेली नव्हती, पण जुन्या जॉबरांपासून चालत आलेली. जॉबरनं लिंक जुळवायची, दोन्ही नट लावायचे, पण दुसऱ्या नटाचा शेवटचा पीळ द्यायचा त्या मागावर जो उभा राहणार त्यानं. बाई असो, बाप्या असो. त्यानं पंजा पुढं करायचा, जॉबरनं पाना हातात द्यायचा. तोंड ज्याचं, पीळ त्याचा.

चार महिन्यांपूर्वी, सप्टेंबरात, नऊ नंबरला असंच कापड बदललं होतं. ताई पाणी प्यायला नळावर गेली होती. झटपटला सोळा नंबरवरून हाका... म्हणजे हात चालले होते. त्यानं पहिला नट आवळला, दुसरा हातानंच फिरवला आणि म्हटलं, पाना येऊन लावतो. ताई नळावरून परत आली, तिनं पंजा पुढं केला. यानं अंगठा वर केला. झालं, मीच दिला पीळ. तिनं क्षणभर बघितलं. भाऊ होता ना. माग सुरू केला. तो सोळा नंबरवर गेला आणि तिकडंच अडकला.

चाळीस मिनिटांनी धोटा सुटला. कानशिलावर बसला. ती खाली पडेपर्यंत कुणाला कळलंही नाही, आवाज एवढा.

मालक आला, चौकशीवाले आले. नट ढिला होता, ते तर दिसतच होतं. मालकानं विचारलं, "शेवटचा पीळ कुणी दिला?"

आणि हा म्हणाला, "तिनं."

एकच शब्द. मेलेल्या माणसाला विचारायला कोण जाणार?

तेव्हापासून सगळेच धरून चालले की बाईनं हयगय केली आणि जिवाला मुकली. तिची मुलगी, बावीस वर्षांची, दोन महिन्यांनी त्याच मागावर उभी राहिली. घर तर चालवायचं होतं. मग ती नऊ नंबर झाली. झटपटची सख्खी भाची.

शनिवारी पाळी सुटताना तिनं मामाला फाटकाशी गाठलं.

"मामा, सोमवारी जाड कापड ना? मग लिंक कधी बदलतोस? मी येते उद्या."

"उद्या सुट्टी आहे. सोमवारी सकाळी बघू."

"सकाळी घाई होईल. आणि मला शेवटचा पीळ नीट द्यायचाय. डोळ्यांनी बघून."

मागून अकरा नंबर येत होता. त्याच्या जिभेला हाड नाही. म्हणाला, "बघ हं पोरी, आईसारखा अर्धवट सोडू नकोस."

भाची खाली बघून ओढणीचं टोक पिळत राहिली. मामा तिथंच उभा होता. त्याला तोंड होतं, त्या तोंडात जीभ होती. तो म्हणाला, "चल, उशीर झाला," आणि निघाला.

चार महिन्यांत त्यानं नऊ नंबरला हात लावला नव्हता. तिच्या हातात पाना द्यावा लागेल, आणि देताना तिच्या डोळ्यांत बघावं लागेल, या भीतीनं. म्हणून रविवारी रात्री. शेड बंद, कुणी नाही. लिंक जुळवायची, पीळ आपणच द्यायचा, सकाळी अंगठा वर करायचा. कळलं का? एकदा त्याच चुकीनं बहीण गेली होती, आणि हा तीच चूक पुन्हा करायला निघाला होता. आता मागावर भाची.

साडेनऊला शेडवर पोचला. वॉचमन एका कानानं बहिरा, आणि दुसरा कान उशीवर ठेवून झोपणारा. कुलूप काढताना म्हणाला, "एकटाच? पोरगी नाही आली?"

"तिचं काय काम?"

"रीत आहे म्हणून विचारलं. मला काय." जांभई देत तो गेला आपल्या खोलीत.

शेडमध्ये त्यानं नऊ नंबरच्या वरची ट्यूबलाइट लावली. मागाच्या मोटारीचा फ्यूज काढला आणि खिशात टाकला. तेवढी अक्कल होती. बंद शेड फार मोठी वाटते. तेवीस माग अंधारात, धागे ताणलेले, कुणीतरी सांगितलं की लगेच सुरू करतो अशा तयारीत. तो उताणा होऊन नऊ नंबरच्या खाली सरकला. मोबाइलचा उजेड छातीवर. पाना बाजूला फरशीवर ठेवला.

नट सुटले की चौकटींचं वजन लिंकवर येतं. म्हणून डाव्या हातानं लिंक वर धरायची आणि उजव्या हातानं नट फिरवायचे. त्यानं दोन्ही नट सोडले. बोल्ट वर सरकवला. एक रेष. दोन रेषा. पहिला नट हातानं बसवला. नजर बोल्टवर, कारण नजर हलली की रेष चुकते. उजवा पंजा उघडून बाहेर काढला, दिवसा काढतो तसा.

पाना हातात आला.

त्यानं नट आवळला. एक फेरा, दोन फेरे. बरोबर बसला. मग दुसरा नट घेतला, बोल्टवर चढवला...

आणि थांबला.

दिवसा पाना द्यायला माणूस असतो. आज रविवार होता. शेडमध्ये कुणी नव्हतं.

पान्याचा दांडा गरम होता. जानेवारीतलं लोखंड, फरशीवर पडलेलं. कुणी बराच वेळ मुठीत धरून ठेवावा, तसा गरम.

"वॉचमन?" तो म्हणाला.

काही नाही.

"कोण आहे?"

लाइट चालूच होती. गोष्टीत अशा वेळी लाइट जाते. इथं गेली नाही, सगळं लख्ख दिसत होतं. त्यानं मान वळवली. मागाच्या खालून पलीकडची फरशी दिसते, जिथं कामगार उभा राहतो ती जागा.

तिथं दोन पाय होते.

अनवाणी. बोटं मागाकडे. कामावर उभं राहिल्यासारखे, एक जरा पुढं, एक मागं. डाव्या पायाच्या धाकट्या बोटाला नख नव्हतं.

ते नख का नव्हतं हे जगात दोघांनाच माहीत होतं. तो सहा वर्षांचा असताना त्यानं रागानं दार आपटलं होतं, त्यात तिचं बोट सापडलं. आई काठी घेऊन आली तर ताई म्हणाली, माझ्याच हातून लागलं. तेव्हा तिनं स्वतःहून त्याचा दोष आपल्या अंगावर घेतला होता. सप्टेंबरात मात्र तिला कुणी विचारलं नाही. यानंच तो तिच्यावर टाकला.

पाय हलले नाहीत.

मागाच्या कडेखालून एक पंजा आला. उघडा. वर वळवलेला.

पाना दे.

त्यानं दिला नाही. भीतीनं माणूस नेहमीचंच करतो, आणि त्याचं नेहमीचं म्हणजे घाई. त्यानं पाना दुसऱ्या नटाला लावला आणि जीव खाऊन आवळला. मनात म्हणाला, आवळून टाकतो, मग पळतो. नट घट्ट झाला. पाना काढला.

नट फिरला. उलटा. आपोआप... सावकाश... पाव फेरा.

त्यानं पुन्हा आवळला.

पुन्हा पाव फेरा. उलटा.

तिसऱ्यांदा आवळताना डावा हात घामानं निसटला. लिंक खाली आली. दोन बोटं लिंक आणि सांगाड्याच्या मधे गेली. तो हात ओढणार, तेवढ्यात मागाचा मोठा दांडा फिरला. थोडासाच. आवाज न करता. फ्यूज त्याच्या खिशात होता, मांडीला टोचत होता.

लिंक बोटांवर बसली. मग नट फिरला. या वेळी सुलटा. हलकेच. बोटं धरली गेली. चेपली नाहीत, नुसती धरली. लहान मुलाला रस्ता ओलांडताना धरतात, तशी.

पंजा अजून तिथंच होता.

"ताई..."

काही नाही.

"ताई, मी दिला नव्हता पीळ. हातानं फिरवून सोडला होता. तुला अंगठा दाखवला. खोटा."

पाय तसेच. पंजा तसाच.

"मालकाला पण खोटं सांगितलं."

...

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की हे ताईला सांगून काय उपयोग. तिला माहीतच आहे. ती त्याच्यासाठी आलीच नव्हती.

त्यानं पाना त्या पंजात ठेवला. पंजा मिटला. वर गेला. थोड्या वेळानं लोखंड फरशीवर टेकल्याचा आवाज आला. पाना पायांशी ठेवला होता. मागाच्या पलीकडे, कामगाराच्या जागेवर. त्याचा हात तिथवर पोचणार नव्हता.

दहा वाजून पन्नास. छातीवरचा मोबाइल त्यानं उजव्या हातानं उचलला. वॉचमनला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्याच्या खोलीतली रिंग इथवर ऐकू येत होती, तो उठत नव्हता. मग मालकाचा नंबर काढला. अंगठा त्यावर धरला. मालक माणूस पाठवील, बोटं सुटतील, सकाळी अंगठा वर करता येईल. कुणाला काही कळणार नाही.

त्यानं बाजूला बघितलं. पाय तिथंच होते.

त्यानं भाचीला फोन लावला.

"मामा? एवढ्या रात्री?"

"शेडवर ये. नऊ नंबरखाली हात अडकलाय."

"तू नऊ नंबरखाली काय करतोयस?" आणि लगेच, "आले. हलू नकोस."

ती मागच्याच गल्लीत राहायची. वॉचमनचं दार बडवल्याचा आवाज आला, मग तिच्या चपलांचा. फटक फटक, रांगेतून पळत. त्याला ओरडून सांगायचं होतं, तिथं उभी राहू नकोस. तेवढ्यात चपला आल्या. त्या पायांच्या शेजारी थांबल्या.

चार पाय दिसत होते त्याला.

"कुठं अडकलाय? दिसत नाहीये नीट. पाना कुठंय? हा काय, इथंच पडलाय. थांब, सोडवते."

"थांब. आधी ऐक."

"अरे आधी हात तर काढू दे."

"नाही. आधी ऐक. हात सुटला तर मी सांगणार नाही."

आणि तो उताण्यानं, वर बघत, लिंककडे बघत, सगळं बोलला. नळ, सोळा नंबर, हातानं फिरवलेला नट, वर केलेला अंगठा. मालकाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर. आज इथं का आला तेही.

बोलून झालं. 

"केव्हापासून?" ती म्हणाली.

"काय?"

"केव्हापासून माहीत आहे तुला?"

"पहिल्यापासून."

"मी आईला शिव्या द्यायचे, मामा." आवाज अगदी साधा होता तिचा, भाजी कशी दिली विचारावं तसा. "रोज सकाळी. डबा भरताना. म्हणायचे, एक नट नीट आवळता आला नाही तुला, आणि मला एकटीला टाकून गेलीस."

 

ती वाकली. तिचा हात आत आला. पाना नटाला लागला. त्यानं डोळे मिटले.

नट फिरला. आवळण्याच्या बाजूनं.

पाव फेरा... दोन बोटांची हाडं मोडली. आवाज आला, काडी मोडल्यासारखा. तो ओरडला. ती थांबली. किती वेळ थांबली, त्याला सांगता येत नाही. मग पाना उलटा फिरला आणि हात सुटला.

खालून हात घालून नट फिरवताना सुलटं-उलटं चुकतं. नव्या माणसाचं हमखास चुकतं. तिचं चुकलं की नाही, हे त्यानं तेव्हा विचारलं नाही आणि आजही विचारत नाही.

तो बाहेर सरकून बसला. हात छातीशी. समोर फक्त चपलांतले पाय होते. दुसरे नव्हते.

भाचीनं पाना पुढं केला.

"लावा पुन्हा, जॉबर," ती म्हणाली. "नीट लावा. शेवटचा पीळ मी देईन."

जन्मल्यापासून ती त्याला अरे मामा म्हणत आली होती. हे तिचं पहिलं 'लावा'. हाड मोडलं तेव्हापेक्षा ते जास्त लागलं, असं तो सांगतो.

मोडक्या हातानं त्यानं लिंक पुन्हा जुळवली. जॉबर झाल्यापासून पहिल्यांदा सावकाश. पहिला नट. दुसरा नट. मग तिनं पंजा पुढं केला, पाना घेतला आणि शेवटचा पीळ दिला. मनगटाचं सगळं वजन टाकून. पावणेदोन वाजले होते.

"सकाळी सातला," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

सातला त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. माग बंद ठेवून, म्हणजे ऐकू यावं. अकरा नंबर पहिल्यांदा गप्प बसला. मालकानं त्याच दुपारी याला काढलं आणि पोलिसांकडे पाठवलं, तो सगळा वेगळा पसारा आहे. आता हा पिठाच्या गिरणीत बसतो. डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. भाची रस्त्यात दिसली तर ती बाजू बदलत नाही, पण बोलतही नाही. त्याच्या बायकोशी बोलते.

नऊ नंबरवर अजून तीच आहे. दुसरा माग देतो म्हटलं मालकानं, तिनं घेतला नाही.

एवढं झालं की उठा, उशीर झालाय. शेवटचं सांगतो.

शेडमध्ये दिवसभर कापसाची लव उडते. रात्री माग थांबले की ती खाली बसते, आणि सकाळपर्यंत फरशीवर पांढरा थर होतो. झाडणारी बाई सहाला येते. वीस जानेवारीच्या सकाळी तिला नऊ नंबरपुढं दोन जागा काळ्या दिसल्या. तेवढ्या जागी लवच नाही. तिला वाटलं, ओल असेल. पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. फरशी खरवडून पाहिली, पावडर टाकून पाहिली. रात्री पावडर टाकली तर सकाळी तेवढ्या दोन जागांवरून ती गेलेली. अजून तसंच आहे. गेल्या महिन्यात स्वतः जाऊन, गुडघ्यांवर बसून पाहिलंय.

दोन पावलं. अनवाणी. भाचीच्या पायांपेक्षा लहान. भाची उभी राहते त्या जागेवर नव्हे, तिच्या पुढं, ती आणि माग यांच्या मधे. तिथं वीतभर जागा आहे. पाय मावतील, माणूस मावणार नाही.

आणि भुताचे पाय उलटे असतात वगैरे मला शिकवू नका. त्या रात्री त्यानं पाहिले तेव्हा बोटं मागाकडे होती.

आता टाचा मागाला टेकलेल्या आहेत. बोटं पोरीकडे.